‘आपल्यातलेच आहेत, कागद कशाला?’ : जुनी गाडी घेताना केलेला करार

जुन्या गाडीच्या व्यवहारात आपल्याकडं कागद सगळ्यात शेवटी येतो. आधी गाडी बघायची, मग चहा, मग घासाघीस, मग "ठरलं बघा" म्हणून हातात हात, पैसे पोच, आणि अगदी शेवटी एजंट एक छापील पान पुढं सरकवतो: "इथं सही करा." ते पान वाचायला कुणाला सवड नसते. तोवर पोरं मागच्या सीटवर बसलेली असतात आणि हार-नारळ आलेला असतो.

मी तो कागद आधी केला, आणि तो सवयीनं केला. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या खरेदी विभागात मी काम करते. ट्रकभर पिग आयर्न मागवायचं तरी ऑर्डरीवर ग्रेड कुठली, वजन कुणाच्या काट्यावरचं धरायचं, माल नाकारला तर परतीचं भाडं कुणी भरायचं, हे सगळं लिहिलेलं असतं. पुरवठादार कितीही जुना असो, त्याला त्याचं वाईट वाटत नाही. घरी मात्र मी करार म्हटल्यावर नवरा म्हणाला, "लोक हसतील." आणि सासूबाईंचं ठरलेलं वाक्य आलं, "आपल्यातलेच असतात गं, कागद कशाला?"

एजंटाकडची ती छापील ताबा पावती मी आधी मागून घेतली आणि नीट वाचली. वर ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, गाडीचा नंबर, रक्कम. मग हे वाक्य: "सदर वाहन लिहून घेणार यांनी प्रत्यक्ष पाहून, चालवून, खात्री करून आहे त्या स्थितीत ताब्यात घेतले असून यापुढे वाहनाबाबत कोणतीही तक्रार राहणार नाही." त्याखाली, आजपासून पुढचा अपघात, दंड, पोलीस केस सगळं लिहून घेणाऱ्याच्या डोक्यावर. आणि सह्या. विकणाऱ्यानं चहा पिताना जे जे सांगितलेलं असतं, की एकहाती गाडी आहे, कुठं ठोकलेली नाही, कर्ज कधीच फिटलंय, किलोमीटर खरे आहेत, त्यातलं अवाक्षर त्या पानावर नसतं. म्हणजे ज्याच्या जिवावर आपण चार लाख मोजतो ते हवेत, आणि ‘तक्रार करणार नाही’ एवढं मात्र कागदावर.

कायदाही इथं घेणाऱ्याला फार सांभाळून घेत नाही. १९३० च्या माल विक्री कायद्यात मालाच्या दर्जाची खात्री घेणाऱ्यानं स्वतः करावी, हाच मूळ नियम आहे. अपवाद आहेत, पण ते बहुतेक धंदा म्हणून विकणाऱ्याला लागतात. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७ मध्ये तर स्पष्ट आहे की एखाद्या गोष्टीबद्दल नुसतं गप्प बसणं ही साधारणपणे फसवणूक धरली जात नाही. खोटं आहे हे ठाऊक असून ते खरं म्हणून सांगणं, ही मात्र फसवणूक. म्हणून विकणाऱ्याला गप्प बसायची जागाच ठेवायची नाही. प्रश्न विचारायचा, आणि त्यानं दिलेलं उत्तर त्याच्या सहीनं कागदावर घ्यायचं. माझा सगळा करार म्हणजे एवढंच होतं.

आता कोल्हापुरात जुन्या गाडीला पहिला प्रश्न कुठला विचारायचा, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पूर. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती. तिथं ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. पाणी उतरल्यावर गाड्यांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. कित्येक टोचन करून वर्कशॉपला गेल्या. त्यातल्या काहींचा टोटल लॉस झाला, काही धुऊन-पुसून, वायरिंग बदलून परत रस्त्यावर आल्या. पाण्यात बसलेली गाडी लगेच त्रास देत नाही. कनेक्टरमध्ये, एअरबॅगच्या वायरिंगमध्ये, सीटखालच्या मॉड्यूलमध्ये हळूहळू गंज चढतो आणि एखाद्या दिवशी घाटात डॅशबोर्डावरचे सगळे दिवे एकदम लागतात.

पहिली गाडी आम्हाला गंगावेशीच्या पलीकडं मिळाली. २०१६ ची, रंग चकचकीत, किंमत बाजारापेक्षा थोडी कमी. उद्यमनगरातले आमचे मिस्त्री सोबत होते. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढला. बेल्टचा जो भाग एरवी कधी बाहेर येत नाही तिथं गाळाची रेघ राहते, कारण गाडी धुणारा तिथवर जात नाही. रेघ नव्हती. मग त्यांनी बेल्टच्या मुळाशी शिवलेली पट्टी उलटून बघितली. त्या पट्टीवर बेल्ट कधी बनवला ते छापलेलं असतं. गाडी २०१६ ची, बेल्ट २०२१ चा. पलीकडचाही तसाच. मिस्त्रींनी काही न बोलता ती पट्टी मला दाखवली आणि पुढं स्टेपनी काढायला गेले.

आता बेल्ट बदलण्याला दहा कारणं असू शकतात. ठोकलेली गाडी असेल, बेल्ट अडकत असतील. मी विक्रेत्याला काही बोलले नाही, फक्त कराराचा मसुदा त्याच्या व्हॉट्सॲपवर टाकला. त्यात हे कलम होतं: "सदर वाहन सन २०१९ व २०२१ च्या महापुरात किंवा अन्य कोणत्याही वेळी पाण्यात बुडालेले नाही, तसेच त्याच्या इंजिनात वा आतील भागात पुराचे पाणी शिरलेले नाही, असे लिहून देणार खात्रीपूर्वक सांगतात."

संध्याकाळी फोन आला. "मॅडम, बाकी सगळं ओके हाय. तेवढं पाण्याचं वाक्य काढूया की."

"का हो?"

"मी घेतली तवाच ती सेकंड होती. आधीच्या मालकाचं मी कसं लिहून देऊ?"

मुद्दा बिनतोड होता. ज्यानं गाडी दुसऱ्याकडून घेतली त्यानं पहिल्या मालकाच्या काळाची हमी द्यावी, ही मागणी अन्यायाची आहे. म्हणून मी वाक्य बदललं: त्याच्या ताब्यात असताना गाडी पाण्यात गेली नाही, आणि "त्यापूर्वीची लिहून देणार यांना असलेली माहिती खालीलप्रमाणे" म्हणून खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या. त्या ओळी त्यानं भरायच्या. ‘काही माहिती नाही’ असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण गाडी त्याच्या नावावर ऑक्टोबर २०२१ मध्ये झालेली, म्हणजे महापुरानंतर तीनेक महिन्यांत. तो काय लिहितो याची मी वाट बघत होते. त्यानं काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला की घरचंच गिऱ्हाईक मिळालंय. गाडीवर ठपका ठेवायला माझ्याकडं पुरावा नव्हता आणि त्याची गरजही उरली नाही.

नंतरची गाडी राजारामपुरीत मिळाली. मार्च २०१८ ची पेट्रोल वॅगनआर, पहिल्याच मालकाच्या नावावर. मालक म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका. गुडघ्यांच्या दुखण्यामुळं त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं. मी जरा बिचकतच म्हटलं, "काका, मी करार लिहून आणलाय." वाटलं होतं, रागावतील. त्यांनी चष्मा घातला, खिशातलं लाल पेन काढलं आणि पहिल्याच पानावर एक स्वल्पविराम दुरुस्त केला. सरकारी नोकरीत जन्म घालवलेल्या माणसाला कागदाचं वावडं नसतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पुराच्या कलमावर तर ते हसलेच. "ताई, तेव्हा राजाराम बंधाऱ्याचा आकडा रोज आमच्याच टेबलावरून पुढं जायचा. गाडी इथंच दारात होती. लिहा, बिनधास्त लिहा."

त्यांच्या शब्दावर माझा विश्वास बसला, तरी एक गोष्ट मी कागदावरून ताडून बघितली, आणि ही युक्ती फारशी कुणी वापरत नाही म्हणून सांगते. विम्याच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, छापलेला असतो. पहिलं वर्ष क्लेम न करता गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५, आणि पाच वर्षांनी ५०. मध्ये स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक क्लेम केला की बोनस पुन्हा शून्यावर. काकांनी सगळ्या पॉलिस्या फायलीला लावून ठेवल्या होत्या. मार्च २०२३ च्या पॉलिसीवर ५० टक्के. म्हणजे २०१८ पासून तोवर एकही क्लेम नाही. दोन्ही महापूर त्या काळातच येऊन गेले. नुसती चालू वर्षाची पॉलिसी बघितली असती तर २०१९ चा क्लेम त्यात लपून गेला असता, कारण पाच वर्षांत बोनस परत भरून येतो. खिशातून पैसे घालून केलेली दुरुस्ती यात दिसत नाही, हे खरं. पण पुरातल्या गाडीची दुरुस्ती एवढी महाग पडते की विमा असताना कुणी सहसा खिशातून करत नाही. करारात मी ओळ घातली: "लिहून देणार यांनी सदर वाहनावर आजवर स्वतःच्या नुकसानीचा विमा दावा केलेला नाही." सोबत त्या पॉलिस्यांच्या झेरॉक्स.

मग बसून सगळा मसुदा ओळीओळीनं वाचला. काकूही होत्या.

गाडीची ओळख नंबरावर सोडायची नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर करारात अक्षर न् अक्षर उतरवला. आरटीओच्या अर्जावर चेसिसची पेन्सिल प्रिंट लागतेच, तेव्हा एक जादा काढून करारालाही लावली. गाडीतल्या पत्र्यावर कोरलेला नंबर फडक्यानं पुसायचा, वर पातळ कागद दाबून धरायचा आणि शिसपेन्सिल आडवी धरून घासत जायचं. पांढरे आकडे एकेक करून वर येतात. मिस्त्रींच्या पोरानं पहिल्या झटक्यात काढली. आरसीवरचा आकडा आणि प्रिंटचा आकडा बोटानं लावून बघितला. चोरीच्या गाडीत गफलत असते ती इथंच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर गाडीचे नंबर टाकून चोरीची नोंद आहे का हेही बघता येतं, ते मी घरूनच करून आले होते.

कर्जाचं काम सोपं होतं. काकांनी गाडी रोखीनं घेतलेली, आरसीवर बँकेचा बोजा नव्हता. पण ज्यांना गाडीच्या आरसीवर बोजा दिसेल त्यांनी "कर्ज फिटलंय, फक्त नाव काढायचं राहिलंय" यावर पैसे देऊ नयेत. बँकेची किंवा पतसंस्थेची एनओसी आणि त्यांच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५, म्हणजे बोजा काढायचा अर्ज, हातात येईपर्यंत कागदोपत्री गाडीवर त्यांचा हक्क राहतो. आपल्याकडं पतसंस्थांची कर्जं खूप, आणि वसुली थकल्यावर गाडी ओढून न्यायला माणसं येतात ती आपल्या दारात.

पैशांचं कलम: किंमत ४,१०,००० रुपये, अंकी आणि अक्षरी. त्यातले १०,००० संचकार, म्हणजे बयाणा, म्हणून दिलेले, ३,८०,००० ताब्याच्या दिवशी आरटीजीएसनं, आणि उरलेले २०,००० गाडी माझ्या नावावर झाल्यावर. रोखीत काहीच नाही. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याची बंदी आहे आणि दंड घेणाऱ्याला, म्हणजे इथं काकांना, बसला असता. हे सांगितल्यावर त्यांचा ‘थोडे रोख द्या’ हा आग्रह तिथंच संपला. संचकाराबद्दल एक ओळ हवीच: मी माघार घेतली तर तो बुडाला, त्यांनी माघार घेतली तर परत, आणि करारात सांगितलेली एखादी गोष्ट कागदपत्रांत खोटी निघाली तरीही परत.

गाडी अडली ती त्या शेवटच्या वीस हजारांवर. काका म्हणाले, "माझे पैसे तुमच्याकडं राहणार, आणि तुम्ही आरटीओत गेलाच नाहीत तर?" मला हे पैसे हातात ठेवायचे होते कारण नाव बदलायला विकणारा लागतो. फॉर्म २९ (गाडी विकल्याची सूचना) आणि ३० (नाव बदलायचा अर्ज) वर त्याच्या सह्या, ऑनलाइन अर्ज करताना त्याच्या मोबाईलवर येणारा ओटीपी, एखादी सही जुळली नाही तर परत बोलावणं. पैसे पूर्ण मिळाल्यावर फोन न उचलणारे विक्रेते कमी नाहीत. पण त्यांची भीतीही खरी होती, आणि ती पैशांपेक्षा मोठी होती. त्यांनीच सांगितलं. काही वर्षांपूर्वी त्यांनी स्कूटर विकली होती, छापील पावतीवर. घेणाऱ्यानं नाव बदललंच नाही. सांगलीत सिग्नल तोडल्याची चलानं अजून काकांच्या मोबाईलवर येतात.

मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंद आहे तो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली एका अपघाताच्या प्रकरणात हेच धरलं: गाडी एकाकडून दुसऱ्याकडं, तिथून तिसऱ्याकडं गेली होती, पण नोंद पहिल्याच्याच नावावर राहिल्यामुळं भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. ताबा पावती दाखवून सुटका झाली नाही. म्हणजे नाव बदलून घेण्याची घाई विकणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा जास्त हवी.

मग कलम दोघांच्या बाजूनं लिहिलं. मी कायद्यानं दिलेल्या ३० दिवसांच्या आत नाव बदलायचा अर्ज करीन. त्यांनी १४ दिवसांत द्यायची फॉर्म २९ ची सूचना ते स्वतः देतील आणि पोच जपून ठेवतील. वीस हजार नाव बदलल्यावर किंवा ६० दिवसांनी, यातलं जे आधी होईल तेव्हा देय. मात्र त्यांच्या सहीमुळं किंवा ओटीपीमुळं काम अडलं तर तेवढे दिवस या साठात धरायचे नाहीत. आणि कोऱ्या फॉर्मवर कुणीही सही करायची नाही. ही ओळ काकांची. "कोरा कागद सही करून देणं आमच्या खात्यात गुन्हा होता," म्हणाले.

ताब्याची वेळ हे कलमही त्यांच्याच लाल पेनातून आलं. मी फक्त तारीख लिहिली होती. काकूंनी विचारलं, "वेळ कशाला ती?" तर ते म्हणाले, "सकाळी मी वाडीला दत्ताच्या दर्शनाला जाऊन येणार याच गाडीतून. कॅमेऱ्यानं वेग टिपला तर चलान महिन्यानं येईल. तेव्हा तारीख एकच, ड्रायव्हर दोन." म्हणून लिहिलं, ताबा सायंकाळी ५ वाजता, मीटरवर अमुक किलोमीटर, त्याआधीच्या वेळेचं चलान नंतर दिसलं तरी ते भरतील, त्यानंतरचं सगळं माझ्याकडं. ई-चलानची थकबाकी आम्ही तिथंच मोबाईलवर बघितली. एक निघालं, पार्किंगचं, ते त्यांनी लगेच भरलं. मीटर मागं फिरवलेला नाही ही ओळही घातली आणि सर्व्हिस बुकातल्या शेवटच्या नोंदीचा आकडा शेजारी लिहिला.

कुठं थांबायचं यावर मात्र माझं मत पक्कं आहे. इंजिन वर्षभर चालेल, क्लच जाणार नाही, एसी गार राहील, असल्या हम्या घरगुती विक्रेत्याकडून मागू नयेत. त्याला त्या पाळता येत नाहीत आणि त्यावरून नुसती भांडणं होतात. बॅटरी, टायर, क्लच, सस्पेन्शन, ही झीज मी बघून घेतली, ती माझी. व्यवहार मोडायचा आणि पैसे परत द्यायचे ते फक्त मालकी, कर्ज, चोरी, पूर आणि मोठा अपघात यांबद्दल लिहिलेलं खोटं निघालं तरच, तेही सहा महिन्यांच्या आत आणि कागदोपत्री पुरावा दाखवून. काकांची शंका होती की उद्या मी गाडी ठोकून आणीन आणि परत घ्या म्हणीन. ही मर्यादा वाचल्यावर त्यांनी पुढचं पान उलटलं.

बाकीचं भराभर झालं. दोन किल्ल्या, मूळ आरसी, सर्व्हिस बुक, स्टेपनी, जॅक, पाना यांची यादी. फास्टॅग त्यांच्या बँक खात्याला जोडलेला, तो ताब्याच्या दिवशीच बंद करायचा. नाहीतर किणी नाक्यावर मी जाणार आणि पैसे त्यांचे कटणार. नवी सुरक्षा नंबर प्लेट त्यांनी बसवून द्यायची, कारण १ एप्रिल २०१९ आधी नोंदलेल्या गाडीला ती नसली तर आरटीओत नाव बदलायचं काम अडतं. विमा १४ दिवसांत माझ्या नावावर करायचा. तृतीय पक्षाचं, म्हणजे आपल्या गाडीमुळं दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचं, संरक्षण गाडीबरोबर आपोआप येतं, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही, त्याला अर्ज लागतो. आणि नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. काकांचा ५० टक्के बोनस त्यांच्याकडंच राहिला, त्याचं पत्र त्यांनी कंपनीकडून घेतलं आणि उरलेल्या मुदतीचा फरक मी भरला. हा खर्च किंमत ठरवतानाच धरून ठेवावा.

स्टॅम्प पेपर आणायला बावड्याला न्यायसंकुलापाशी गेले. लोक अजून सवयीनं "शंभरचा द्या" म्हणतात, पण ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांना पाचशेचाच लागतो. टायपिस्टनं मजकूर वाचून वर बघितलं. "एवढं कोण लिहितं गाडीला? जमिनीचं हाय का काय?" पण एकही चूक न करता टाइप केलं. दोन प्रती केल्या. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, खाली दोन साक्षीदार, एक त्यांच्या बाजूचा आणि एक आमच्या, मग नोटरी. हा करार रजिस्टर करावा लागत नाही.

ताराबाई पार्कातल्या आरटीओत काम एजंटाविना झालं, फक्त एकदा ओटीपीसाठी काकांना फोन करावा लागला. दुपारची वेळ होती, ते झोपले होते; काकूंनी उठवून आकडे वाचून दाखवले. आरसी माझ्या नावानं आली त्याच संध्याकाळी वीस हजार पाठवले. मग राजारामपुरीत जाऊन दोन्ही प्रतींच्या पाठीमागं लिहून घेतलं, "उर्वरित रक्कम मिळाली, परस्परांविरुद्ध काही येणे नाही." काकांनी त्याखाली तारीख घातली आणि वेळसुद्धा.

आता ऑफिसात जो तो मसुदा मागतो. मी देते, पण आहे तसा वापरू नका म्हणून सांगते. गाडी डीलरकडून घेणार असाल तर पहिली गोष्ट, त्याच्याकडं आरटीओचं अधिकृत विक्रेता प्रमाणपत्र आहे का. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना ते लागतं, आणि मालकानं गाडी त्यांच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी वर ऑनलाइन जावी लागते. ती गेलेली असली की कागदोपत्री जबाबदार डीलर राहतो. नसली तर तुम्ही ज्याला कधी बघितलंही नाही अशा मूळ मालकाच्या सहीवर आणि ओटीपीवर लटकत राहता. त्याची पोच करारालाच जोडायला सांगा.

आणि आमच्या स्टोअरमधला एक जण सध्या निपाणीकडची केए २३ ची, म्हणजे कर्नाटक नंबरची, गाडी बघतोय, पन्नास हजारांनी स्वस्त म्हणून. तिला चिक्कोडीच्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी लागणार, महाराष्ट्राचा कर नव्यानं भरावा लागणार, आणि कर्नाटकात भरलेल्या कराचा परतावा मागावा लागणार तो ज्यानं भरला त्याच्या नावानं. ते पन्नास हजार कुठं जातील याचा हिशेब मी त्याला डब्याच्या सुट्टीत मांडून दाखवला. तरी घ्यायचीच म्हणतोय. त्याच्या मसुद्यात एनओसी हातात येईपर्यंत संचकाराच्या वर एक रुपया द्यायचा नाही, हे पहिलं कलम. कराचा परतावा कुणाचा, हे दुसरं. त्यावर अजून दोघांचं जमलेलं नाही.